चिरुटांचा कूलर आणि अंगणातली बोट

सासऱ्यांनी पहिला झुरका घेतला आणि सगळ्या अंगणात वाळ्याच्या सरबताचा वास पसरला.

मी समोरच उभा होतो. हातात स्वतः बनवलेली पेटी आणि चेहऱ्यावर, लोकांनी या पेटीकडे जरा पाहावं, असा भाव. सासऱ्यांनी चिरूट तोंडातून काढला, दोन्ही टोकांकडून तपासला, पुन्हा ओढला. पुन्हा सरबत. जावई हा प्राणी आमच्या बाजूला देव्हाऱ्यातल्या देवांच्या जेमतेम एक पायरी खाली बसतो. त्याला तोंडावर काही बोलायची पद्धत नाही. बराच विचार करून त्यांनी विचारलं,

"जवाईबापू, हा ओढायचा आहे का माठातल्या पाण्यात घालून प्यायचा आहे?"

घरातून, कूलरच्या घरघरीच्या पलीकडून, माझ्या बायकोचं हसणं ऐकू आलं.

खुलासा करतो. चिरूट म्हणजे शेवटी तंबाखूच्या पानाची गुंडाळी. तिला थोडा ओलावा लागतो. होळी झाली की नागपूरची हवा जी कोरडी पडते, तिच्यात चिरूट पापडासारखा होतो. ओढायला जावं तर हातातच कुडूम. सासऱ्यांचे चिरूट थेट दक्षिणेतून यायचे, रेल्वेतल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर, आणि अर्धे तरी असे चुरा होऊन धोतरावर पडायचे. ते पाहवेना म्हणून मी एक सागवानी पेटी ठोकली. आत बसणारं झाकण, आणि आत काहीतरी ओलं ठेवायचं. विलायतेत अशी पेटी असते आणि तिला मोठं भारदस्त नाव असतं, हे मला फार पुढे एका जुन्या मासिकात कळलं. आमच्या घरात तिचं नाव पडलं 'चिरुटांचा कूलर'. आणि नाव पडण्यात चूक माझीच होती. ओलावा म्हटलं की नागपूरच्या माणसाला एकच वस्तू सुचते. मी कूलरच्या ताटीतला मूठभर वाळा उपसला, पाण्यात बुडवला आणि चिरुटांखाली अंथरला.

सासऱ्यांनी तो चिरूट शेवटपर्यंत ओढला. जावयानं दिलेला होता ना. फेकणार कसा?

हे सगळं चाललं होतं कुठे, ते सांगायचं राहिलं. सासरे एका बोटीत बसले होते. बोट अंगणात होती. अंगण नागपुरात होतं, आणि जवळचं म्हणावं असं पाणी म्हणजे पाठीमागची विहीर.

सासऱ्यांच्या वाडवडिलांची कामठीच्या पुढे, रामटेकच्या वाटेवर मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, होती आणि गावाबाहेर एक मोठं तळं होतं. तिथल्या मँगनीजच्या खाणीवरचा एक गोरा साहेब देश सोडून गेला, तेव्हा त्याची सागवानी मोटारबोट सासऱ्यांनी घेतली. त्या वेळी ते ऐन तिशीत होते आणि असली कामं माणूस त्याच वयात करतो. लांब, निमुळती, तांब्याच्या खिळ्यांची बोट. मधोमध लाकडी खोक्यात इंजिन. पुढच्या टोकाला एक छोटा कप्पा. सासूबाईंना चिरुटाचा वास घरात चालत नसे, म्हणून सासरे तळ्यावर जाऊन, बोटीत बसून ओढत. चिरूट त्या कप्प्यातच राहत. खाली पाणी, भोवती ओलं लाकूड. तिथे ते कधी सुकले नाहीत. पुढे मालगुजारी गेली, तळं सरकारजमा झालं, बिऱ्हाड नागपुरात आलं. सगळं सामान आलं आणि सामानाबरोबर बोटही आली. ती लिंबाच्या झाडाखाली चार ओंडक्यांवर टेकली आणि तिथेच राहिली. सासूबाईंचा नियमही गावाहून आला: चिरूट ओढायचा तर बोटीत.

तर सासरे रोज संध्याकाळी पायरीवर चपला काढून बोटीत चढत. मीही चढे. नवा नवा जावई होतो, बँकेत कारकून होतो, आणि जगात कुठेच न जाणाऱ्या वाहनात बसायची मला सवय होती.

त्या संध्याकाळी मला अजून आठवतात. तशा आठवतात म्हणण्यापेक्षा त्या अंगावर येतात, झोप येते तशा. अंगणात सडा मारलेला असायचा. तापलेली माती आधी फुसफुसायची आणि मग गप्प व्हायची. बैठकीच्या खिडकीतल्या कूलरची पाठ अंगणाकडे होती; त्याची घरघर अगदी बोटीच्या मागून यायची, ताटीवरून पाणी टपकत राहायचं. डोळे मिटले की झालं. मागे इंजिन चालू आहे, बाजूनं पाणी जातंय, वाळ्याचा ओला वास म्हणजे काठावरचं गवत. लिंबाची बारीक पांढरी फुलं अंगावर पडत. सासरे सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवून असत, अगदी सहज, आणि मधूनच तो हात किंचित वळे. का वळला, ते मी कधी विचारलं नाही. काहीतरी समोर आलं असेल.

बायको बोटीत बसत नसे. पायरीवर बसून भाजी निवडायची. एकदा मी तिला म्हटलं, "ये ना, जागा आहे."

"कोरड्या बोटीत मी नाही बसत," ती म्हणाली आणि मेथीची जुडी सोडली.

मला वाटलं गंमत करतेय.

त्या वर्षी धाकट्या मेव्हण्याचं लग्न ठरलं. घरात खोली कमी होती. पावसाळ्याआधी अंगणात एक खोली बांधायची, असं सासूबाईंनी ठरवलं आणि जागा दाखवायला हात केला. हात बोटीकडे होता.

लकडगंजातला एक लाकडाचा व्यापारी येऊन गेला. माणूस वाईट नव्हता. त्यानं बोटीच्या बाजूवर बोटांची पेरं वाजवली, कान लावला, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं आता हा तिला लग्नाची मागणी घालतो.

"काकाजी, असं लाकूड आता जंगलात नाही भेटत," तो म्हणाला. "तुमच्या नव्या खोलीची चौकट याचीच करून देतो. नवरानवरी तिच्यातूनच जातील. लकडी घरात राहील तुमची."

सासूबाईंना ते फार पटलं. "पाहा, म्हणजे फेकलं असं काही नाही," त्या म्हणाल्या.

सासरे बोटीत बसून होते. "तळ्यावर विचारून पाहतो," एवढंच म्हणाले.

तळं आता एका शिंगाडेवाल्याकडे होतं. सरकारकडून मक्त्यानं घेतलेलं. सासऱ्यांना तो लहानपणापासून ओळखत होता. त्याचा निरोप आला: "तरंगत असंन त खुशाल आना मालक, माह्याजवळ ठेवा. पन बुडली बोट बाहेर काढाचं काम मले नोका सांगू."

बरोबरच होतं त्याचं. बोट तरंगते का, हाच प्रश्न होता. किती उन्हाळे ती त्या लिंबाखाली कोरडी उभी होती. दोन फळ्यांमधून पलीकडचं तुळशीवृंदावन दिसायचं. सासऱ्यांनी व्यापाऱ्याला सांगितलं, हनुमान जयंती झाली की घेऊन जा. त्याआधी जमलं तर पाहू.

त्या दिवशी बायको बोटीपाशी गेली. पुढच्या टोकाला हात लावून उभी राहिली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "इथं बसायची मी. तळ्यात जुन्या झाडांचे खुंट आहेत, पाण्याखाली. मी सांगायची, डावीकडे बाबा, उजवीकडे बाबा. बाबांना इंजिनापाशी बसून पुढचं दिसत नसे." मग पदर सारखा करून आत गेली. एवढंच. पण तिचं ते आत जाणं मी पाहिलं आणि मला कळलं, की चौकट झालेल्या त्या लाकडाखालून ती कधी ताठ मानेनं जाणार नाही.

मग मी कामाला लागलो. माझ्यासारखा माणूस कामाला लागला की घरातले लोक आपापल्या वस्तू आत नेतात, पण त्या दिवशी सासूबाई बेसावध होत्या. अंगणभर खाटा टाकून त्यांनी कुरडया वाळत घातल्या होत्या. मी फटींमध्ये सुतळी कोंबली, वरून डांबर फासलं. दिवसभर फासलं. बोटीपेक्षा मला जास्त लागलं. संध्याकाळी सासऱ्यांना म्हटलं, "मामाजी, आता पाहा," आणि विहिरीच्या बादल्या बोटीत ओतायला लागलो.

पाणी आत थांबावं, म्हणजे बाहेरचं आत येणार नाही, असा माझा हिशेब. पाणी थांबलं नाही. ते तळातून, दोन्ही कुशींतून, माझ्या डांबराला वळसे घालून, देवळाच्या गोमुखातून यावं तसं धारांनी बाहेर आलं आणि खाटांच्या पायांकडे निघालं. खाट कलली. कुरडया घसरल्या. पांढऱ्या कुरडया काळसर पाण्यात तरंगत तुळशीपर्यंत गेल्या.

"तरंगाचं त तरंगून राहिलं!" सासूबाई ओरडल्या. "पन थे बोट नोहे, माह्या कुरडया!"

सासरे हसले नाहीत. बोटीच्या कडेवर हात ठेवून ते ओली जमीन पाहत राहिले. मग म्हणाले, "राहू द्या जवाईबापू. गंज मेहनत केली तुम्ही. तिची वेळ झाली असंन."

मी त्यांना सांगितलं की आता फळ्यांच्या फटींत सागाच्या पट्ट्या ठोकतो, घट्ट. रविवारी लकडगंजहून पट्ट्या आणल्याही. हातोडी उशाशी घेऊन झोपलो म्हटलं तरी चालेल.

इकडे पेटीचं काम चालूच होतं. वाळा काढून टाकला होता. त्याच्याऐवजी नव्या माठाचं एक खापर पाण्यात भिजवून आत ठेवलं. माठाच्या खापराला वास नाही, ओलावा मात्र धरून ठेवतं. ही युक्ती खरंच चांगली होती आणि मी ती जपून वापरली असती तर माझी गणना शहाण्यांत झाली असती. पण खापर रोज सकाळ-संध्याकाळ बुडवायचा मला नाद लागला. वर पेटीला आतून ओला फडका. सासऱ्यांचे चिरूट निदान मऊ तरी असू देत, असं मनात होतं. बोटीतल्या शेवटच्या दिवसांत चुरा नको.

व्यापारी यायच्या आधीच्या आठवड्यातली संध्याकाळ. सासरे बोटीत चढले. मी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी झाकण ओढलं. झाकण आलं नाही. त्यांनी नखानं ओढलं, मग चाकूचं टोक घातलं, मग पेटी गुडघ्यांत धरून ओढली. मी एका बाजूनं, ते दुसऱ्या बाजूनं. एखाद्या पोराच्या पायातून चिखलाचा बूट काढावा तसे आम्ही दोघं बोटीत डोलत होतो.

"निरा एक जीव झाली हे," सासरे धापा टाकत म्हणाले. "कायनं चिकटवली गा?"

"कशानंच नाही, मामाजी. काल रात्री तर उघडत होती."

बायको पायरीवरून उठली. तिनं पेटी हातात घेतली, कानाशी धरून हलवली. "होळीला हे झाकण खडखड वाजत होतं," ती म्हणाली. "आत करंगळी जाईल एवढी फट होती. तुम्हीच म्हणाले होते, थोडं लहान झालं."

"हो. पण आता..."

"आता फुगलं."

ती पेटीकडे पाहत होती. मग तिनं मान वर केली आणि बोटीकडे पाहिलं. मी तिच्या नजरेमागून पाहिलं आणि मला फक्त बोट दिसली. सासऱ्यांना मात्र काहीतरी दिसलं. ते हळूच उभे राहिले.

"बाबा," ती म्हणाली, "तिथं ती कधी कोरडी नव्हतीच ना? म्हणून नव्हत्या फटी."

सासरे बोटीतून उतरले आणि अनवाणीच विहिरीकडे निघाले.

मी पट्ट्या ठोकल्या असत्या तर काय झालं असतं, ते मला नंतर समजलं. ओल्या झाल्यावर फळ्यांना फुगायला जागाच उरली नसती; बोट आपल्याच अंगानं तडकली असती. हातोडी मी गुपचूप बाजेखाली सरकवली.

पुढचे दिवस आठवले की अजून वाटतं, ते मी जागेपणी पाहिले की कूलरपुढे पडल्या पडल्या. धान्याची रिकामी पोती बोटीत अंथरली आणि ती ओली ठेवायची, एवढंच काम. पण चैत्रातलं नागपूर. नळ सकाळी जेमतेम यायचा आणि विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केली होती. नुसतं बोटीसाठी पाणी ओतणं सासूबाईंना मंजूर नव्हतं. मग सासऱ्यांनी तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंचा नेसून, तांब्या-बादली घेऊन बोटीत चढले आणि स्तोत्र म्हणत त्यांनी तिथेच आंघोळ केली. त्यांच्यानंतर मी. दुपारी सासूबाईंनी हट्ट सोडला आणि त्या धुण्याची मोगरी घेऊन बोटीत बसल्या.

"मले कोनी हसाचं नाही," म्हणाल्या, आणि आपणच हसायला लागल्या.

कूलरच्या टाकीचं उरलेलं पाणी बोटीत. तांदूळ धुतलेलं पाणी बोटीत. लिंबाची फुलं त्यात पडून बोटीच्या तळाशी पांढरी साय धरायची. सुरुवातीला पाणी लगेच गळून जायचं. मग हळू गळायला लागलं. मग नुसतं पाझरायला लागलं. एका सकाळी मी खाली वाकून पाहिलं, तर फळ्यांमधून तुळस दिसेना.

हनुमान जयंती झाली तसा व्यापारी आला. फाटकातून आत आला तो सासऱ्यांची आंघोळ ऐन रंगात. साबणाच्या फेसातून सासऱ्यांनी त्याला नमस्कार केला. त्यानं एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा बोटीखालच्या कोरड्या जमिनीकडे. जवळ आला, ओल्या लाकडावर पेरं वाजवली. आवाज आता वेगळाच होता, भरलेल्या घागरीसारखा.

"काकाजी, हे तं जिवंत झाली," तो म्हणाला. "जिवंत लाकूड मी नाही कापत." चहा घेऊन गेला. चौकट त्यानं दुसऱ्या लाकडाची दिली आणि तीही चांगलीच निघाली.

बोट ट्रकवर चढवली, ओल्या पोत्यांत गुंडाळून. आम्ही वरच बसलो. कामठी मागे पडली, रस्त्यावर गरम वारा आणि मोहाच्या फुलांचा जड गोड वास. सासूबाई आल्या नाहीत. त्यांना खोलीचा पाया आखून घ्यायचा होता.

तळं खूप आटलं होतं, पण मध्ये पाणी होतं. शिंगाडेवाल्यानं चार माणसं दिली. बोट चिखलातून सरकली, पाण्याशी आली, क्षणभर थांबली. मग तिचं मागचं अंग उचललं गेलं, आणि ती डोलली. तळाशी थोडं पाणी आलं; मी तांब्यानं उपसलं; पुन्हा थोडं आलं; मग येईना.

इंजिन मात्र रुसलं. दर दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालून सासरे क्षणभर धडधडवायचे, त्या भरवशावर ते होतं. पुष्कळ हँडल मारल्यावर ते खोकलं, शिंकलं आणि चालू झालं. तो आवाज ऐकला आणि मला हसू आलं. हुबेहूब आमचा कूलर.

बायको पुढच्या टोकाला बसली होती. कधी चढली, मी पाहिलं नाही. पाण्यावर ऊन उतरत होतं. काठावरचे बगळे उठले, एक चक्कर मारून तिथेच बसले. सगळं इतकं संथ होतं की बोट चालतेय का काठ, ते कळेना. मध्येच ती म्हणाली, "डावीकडे बाबा." सासऱ्यांचा हात वळला. अंगणात वळायचा तसाच. पाण्याखालचा काळा खुंट आमच्या बाजूनं हळूच मागे गेला.

सासऱ्यांनी पेटी मांडीवर घेतली. रस्त्यावरच्या वाऱ्यानं ती सुकली होती. झाकण नुसतं उचललं तर टक् करून निघालं. चिरूट काढला, पेटवला, डोळे मिटले. पाण्यावर निळा धूर पसरला, आणि धुरामागून, अगदी पुसट, वाळ्याचा वास आला. पेटीच्या लाकडातून तो काही गेला नव्हता.

"चालंन," सासरे म्हणाले.

संध्याकाळी आम्ही दोघं कामठीहून बसनं परतलो. सासरे त्या रात्रीपुरते तिथेच राहिले होते. सासूबाईंचा नियम त्यांनी मोडला नाही. पुढेही ते चिरूट ओढायला दर रविवारी त्याच बसनं जात राहिले, पेटी पिशवीत घालून. बायको खिडकीपाशी बसली होती, पदराचं टोक ओलं, पाय चिखलानं भरलेले. बराच वेळ ती बाहेर पाहत होती. मी मनातल्या मनात, यात माझा वाटा नेमका किती, याची गोड बेरीज करत होतो.

तिनं माझ्याकडे न पाहताच म्हटलं, "बरं झालं बाई, तुम्हाला पेटी नीट बनवता येत नव्हती."